कुत्रा बूड घासतो, तेव्हा दर वेळी जंतच नसतात

वाचकहो, आजचा विषय जरा नाजूक आहे. जेवताना वर्तमानपत्र वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी हे सदर हात धुतल्यावर वाचावे. पण वाचावे जरूर. ज्या अवयवाविषयी चारचौघांत बोलायची लाज वाटते, त्याचे दुखणे डॉक्टरपर्यंत सर्वांत उशिरा पोहोचते. माणसांच्या मूळव्याधीचे तेच होते. कुत्र्याला तर बिचाऱ्याला बोलताही येत नाही.

मागचे दोन्ही पाय पुढे ताणून, बूड जमिनीला टेकवून अंगणभर फरफटत जाणारा कुत्रा आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे. लहान मुले हसतात आणि मोठी माणसे निदान करून मोकळी होतात. वाशिम असो, रिसोड असो, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा की मानोरा असो, पशुवैद्यकाच्या दारात आलेला माणूस उंबऱ्यातूनच सांगतो, “डाक्टरसाहेब, कुत्र्याले जंत झाले, गोयी द्या.” कुत्रा मात्र घरी बांधलेला असतो. गोळी नेली जाते, पोळीत घालून दिली जाते, आणि आठ-पंधरा दिवसांनी तोच माणूस परत येतो. आता शेपटीखाली फोड आलेला असतो, किंवा फुटून पू वाहत असतो.

माझे याबाबतचे मत स्पष्ट आहे. कुत्र्याची शेपटी वर करून न पाहता दिलेली जंताची गोळी हा उपचार नव्हे, तो अंदाज आहे. बूड घासणाऱ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचे दुखणे पोटातल्या जंतांत नसून गुदद्वाराशी असलेल्या दोन छोट्या पिशव्यांत असते. त्यांना गुदग्रंथी म्हणतात. वेळेवर ओळखले तर हे काम दहा मिनिटांचे आहे. उशीर झाला तर मात्र जनावराचे हाल होतात, आणि कधी कधी घरच्या माणसांचेही.

गुदग्रंथी म्हणजे काय?

कुत्र्याच्या गुदद्वाराला घड्याळाची तबकडी समजा. शेपटी बाराच्या जागी आहे. अशा वेळी चार आणि आठ या आकड्यांच्या जागी, कातडीच्या आत, एकेक पिशवी असते. मध्यम आकाराच्या कुत्र्यात ती साधारण वाटाण्याएवढी, मोठ्या कुत्र्यात लहान द्राक्षाएवढी. या पिशवीच्या अस्तरात बारीक ग्रंथी असतात आणि त्यांतून पिवळट-तपकिरी, पातळ, अतिशय उग्र वासाचा स्राव तयार होतो. पिशवीला एक अरुंद नळी असते व तिचे तोंड गुदद्वाराच्या कडेशी उघडते.

हा स्राव कशासाठी? तर ओळखीसाठी. दोन कुत्री भेटली की एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात, ती त्यांची रामरामी असते. आपल्या शेतशिवारात फिरणारे मुंगूस किंवा तरस यांच्याकडेही शेपटीखाली अशी गंधाची सोय असते आणि त्या गंधाने ते आपल्या हद्दीच्या खुणा करतात. कुत्रा एकदम घाबरला की पिशवी आपोआप रिकामी होते. फटाके वाजल्यावर कुत्रा पलंगाखाली शिरला आणि घरभर सुक्या मासळीसारखा वास सुटला, असे ज्यांनी अनुभवले असेल त्यांनी हाच स्राव हुंगला आहे. तो रोग नव्हे.

निरोगी कुत्र्यात या पिशव्या दररोज आपोआप रिकाम्या होत असतात. घट्ट, बांधीव शी बाहेर पडताना ती दोन्ही बाजूंच्या पिशव्या दाबते आणि थोडा थोडा स्राव बाहेर येतो. म्हणजे निसर्गाने शौचाबरोबरच साफसफाईची व्यवस्था करून ठेवली आहे. ही व्यवस्था बिघडली की रोगाची सुरुवात होते.

पिशवी का तुंबते?

पहिले कारण म्हणजे सतत पातळ किंवा मऊ शी होणे. मऊ शीचा दाब पिशवीवर पडत नाही. स्राव आत साचतो, त्यातले पाणी कमी होते, तो मेणासारखा घट्ट होतो आणि अरुंद नळीचे तोंड बंद पडते. दुसरे कारण लठ्ठपणा. चरबीच्या थरात पिशवी खोल जाते आणि आजूबाजूचे स्नायू सैल पडतात. तिसरे कारण कातडीची ॲलर्जी. पिसवांची असो, खाण्याची असो किंवा धूळ-परागांची असो, ॲलर्जीत पिशवीच्या अस्तराला व नळीलाही सूज येते. असा कुत्रा बूड घासतो, शिवाय पंजे चाटतो, कान खाजवतो. लहान चणीच्या काही जातींत मुळातच हा त्रास अधिक आढळतो.

इथे मला आपल्या बदललेल्या हौसेविषयी थोडे बोलायचे आहे. शेतावर राखणीला असलेले गावठी कुत्रे ज्वारीची भाकर खाते, दिवसभर बांधाबांधाने हिंडते, रात्री सोयाबीन-तुरीच्या शेतात रोही आणि रानडुकरांमागे धावते. त्याच्यात हा आजार मला क्वचितच दिसतो. त्याचे दुसरे आजार आहेत, पण हा नव्हे. याउलट शहरात आणि तालुक्याच्या गावी पॉमेरियन, पग, लॅब्रॅडॉर यांची संख्या वाढली आहे. पग तर २००३ साली हच कंपनीची जाहिरात टीव्हीवर आली आणि नंतर घराघरांत पोहोचला. या कुत्र्यांना दिवसभर पायरीशी बांधून ठेवायचे, सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे, दुपारी दूध-पोळी, रात्री पुन्हा दूध-पोळी. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे शी कायम मऊ राहते. व्यायाम नाही म्हणून वजन वाढते. पिशवी तुंबायला लागणारी सगळी तयारी आपण प्रेमाने करून ठेवतो आणि मग म्हणतो, “याला एवढे चांगलेचुंगले खायला घालतो तरी याला काय झाले?”

ओळखायचे कसे?

या आजाराच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर पिशवी नुसती तुंबलेली असते. कुत्रा बूड घासतो, वारंवार मागे वळून शेपटीच्या मुळाशी चाटतो किंवा चावतो, बसल्या जागेवरून दचकून उठतो, अंथरुणाला मासळीसारखा वास येतो. शी करताना तो अवघडतो. या वेळी त्याला ताप नसतो, तो जेवतो-खातो.

दुसऱ्या पायरीवर तुंबलेल्या पिशवीत जंतुसंसर्ग होतो. आतला स्राव पुवासारखा, कधी रक्तमिश्रित होतो. शेपटीला हात लावला की कुत्रा केकाटतो किंवा गुरकावतो. एरवी गरीब असलेला कुत्रा घरातल्या मुलाला चावतो, तो बरेचदा याच दिवसांत.

तिसऱ्या पायरीवर गळू होते. गुदद्वाराच्या एका बाजूला, चारच्या किंवा आठच्या जागी, लालसर-जांभळी, गरम, दुखरी गाठ दिसते. कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, ते आता वाढते. कुत्रा जेवत नाही, कोपऱ्यात पडून राहतो. एक-दोन दिवसांत गळू फुटते, रक्त-पू वाहतो आणि कातडीला भोक पडते. पुष्कळ लोकांना या वेळी वाटते की दुसऱ्या कुत्र्याने चावा घेतला. फुटल्यावर कुत्र्याला थोडे हलके वाटते म्हणून मालकही निर्धास्त होतो. नेमक्या याच वेळी निर्धास्त होऊ नये. पावसाळ्यात अशा ओल्या जखमेवर माश्या बसतात, अंडी घालतात, आणि दोन दिवसांत जखमेत किडे पडतात. मी पाहिलेल्या सर्वांत वाईट केसेस या अशाच, जून ते सप्टेंबरमधल्या.

मग जंत कधी समजावेत?

जंत नसतातच असे माझे म्हणणे नाही. पिसवांमार्फत पसरणारा एक पट्टकृमी असतो. त्याचे तुकडे शीबरोबर बाहेर येतात आणि गुदद्वाराभोवतीच्या केसांना चिकटतात. ताजे असताना ते हळूहळू हलतात, वाळल्यावर तांदळाच्या दाण्यासारखे किंवा काकडीच्या बीसारखे दिसतात. त्यामुळे खाज सुटून कुत्रा बूड घासतो. असे दाणे दिसले तर पट्टकृमीचे औषध हवेच. त्यासाठी प्राझिक्वान्टेल हे औषध असलेली गोळी लागते, दुकानातून उचललेली कोणतीही गोळी चालत नाही. शिवाय अंगावरच्या पिसवांचा बंदोबस्त केला नाही, तर खाजवताना पिसू गिळून कुत्र्याला तोच जंत पुन्हा होतो. लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही हा जंत होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

पिल्लांच्या पोटात आढळणारे लांब, पांढरे, शेवयांसारखे गोल जंत मात्र सहसा बूड घासायला लावत नाहीत. त्यांनी पोट फुगते, उलट्या होतात, पिल्लू खंगते. तेव्हा जंताचे औषध ठरलेल्या वेळी द्यावेच, पिल्लांना तर वारंवार द्यावे लागते. पण त्या औषधाने गुदग्रंथी रिकामी होणार नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवाव्यात.

घरगुती उपायांचा धुमाकूळ

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. शेपटीखाली सूज किंवा जखम दिसली की आपल्याकडे हाताशी असेल ते लावले जाते. कोणी रॉकेल किंवा पेट्रोल लावतो, कोणी गाडीचे जळके ऑइल, कोणी फिनेल ओततो, कोणी डांबरगोळीची पूड भरतो. गोचिडांसाठी किंवा पिकासाठी आणलेले कीटकनाशक जखमेत टाकणारेही मी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, किडे मरावेत आणि कुत्रा बरा व्हावा. पण कुत्रा जखम चाटतो. जे बुडाला लावले ते काही मिनिटांत पोटात जाते. फिनेल आणि रॉकेलने नाजूक कातडी भाजते, डांबरगोळीने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि कीटकनाशकाने तोंडाला फेस येऊन, अंग थरथरून कुत्रा मरतो. मग लोक म्हणतात, पिसाळला होता.

दुसरा धोका घरातल्या गोळ्यांचा. माणसासाठी आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी दुखणे थांबावे म्हणून कुत्र्याला दिली जाते. या औषधांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्ताच्या उलट्या होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी वापरूच नये, म्हणून केंद्र सरकारने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आणली. मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडे संपत चालली होती, हे त्यामागचे कारण. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. घरात मांजर असेल तर तिला मुळीच देऊ नये, तिला एक गोळीही जीवघेणी ठरते.

मग करावे काय?

पहिल्यांदा पाहावे. चांगल्या उजेडात एकाने कुत्र्याचे डोके धरावे, दुसऱ्याने शेपटी वर करावी. ओळखीचा कुत्रा असला तरी दुखण्यात तो चावू शकतो, म्हणून तोंडाला मुसके बांधावे. बैलाला कामाच्या वेळी आपण मुसके बांधतो, त्यात निर्दयपणा नाही. पट्टीचे किंवा ओढणीचे मुसकेही चालते. मात्र धाप लागलेल्या कुत्र्याला आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला ते बांधू नये. सूज आहे का, लाली आहे का, भोक पडले आहे का, तांदळासारखे दाणे आहेत का, केसांचा गुंता होऊन शी चिकटली आहे का, एवढ्या पाच गोष्टी पाहाव्यात. केसाळ पॉमेरियनमध्ये तर नुसता वाळलेल्या शीचा गोळा कापून काढला तरी कधी कधी सगळा त्रास संपतो.

त्यानंतर कुत्र्याला घेऊन पशुवैद्यकाकडे जावे. कुत्र्याला घेऊन, नुसती चिठ्ठी घेऊन नव्हे. डॉक्टर हातमोजा घालून, बोटाला वंगण लावून आतून व बाहेरून पिशवी धरतात आणि ती हलकेच रिकामी करतात. आतले द्रव्य पातळ आहे, मेणासारखे आहे की पू आहे, यावरून पुढचा उपचार ठरतो. नुसती तुंबलेली असेल तर बहुधा एवढ्यावरच काम भागते. संसर्ग असेल तर पिशवी धुऊन आत औषध भरावे लागते व दुखण्यावर कुत्र्यासाठीचे औषध द्यावे लागते. गळू असेल तर ते कापून पू काढावा लागतो, जखम धुवावी लागते, आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या सांगितल्या असतील तितके दिवस पूर्ण द्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी कुत्रा खेळू लागला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. आजार उलटतो तो त्यामुळेच.

घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. गळू आलेले असताना सोसवेल इतक्या कोमट पाण्यात स्वच्छ फडके भिजवून दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटे शेकावे. फुटलेली जखम डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाने, पोव्हिडोन आयोडीन सांगितले असेल तर ते पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून, धुवावी. चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालावी. ती नसेल तर छोट्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून तीच गळ्यात अडकवता येते. पावसाळ्यात कुत्र्याला जखम भरेपर्यंत गोठ्यापासून व उकिरड्यापासून दूर, माश्या कमी असतील अशा कोरड्या जागी ठेवावे.

पिशवी घरी पिळावी का, असे पुष्कळजण विचारतात. ज्या कुत्र्याला हा त्रास वरचेवर होतो, त्याच्या मालकाने डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घेतले तर हरकत नाही. पण सूज, लाली किंवा वेदना असेल तर पिशवीला घरी बोटही लावू नये, आतल्या आत फुटण्याचा धोका असतो. आणि ज्या कुत्र्याला काहीच त्रास नाही त्याच्या पिशव्या ‘स्वच्छता’ म्हणून दर महिन्याला पिळून घेण्याची जी नवी पद्धत मोठ्या शहरांतून आपल्याकडे येत आहे, तिला माझा विरोध आहे. कारण नसताना वरचेवर दाबल्याने पिशवीला आणि नळीला सूज येते, आणि नसलेला आजार विकत घेतला जातो.

औषध स्वयंपाकघरात

त्रास वरचेवर होऊ नये यासाठी शी घट्ट आणि बांधीव राहिली पाहिजे. दूध बंद करावे किंवा अगदी कमी करावे. बिस्किटे बंद करावीत. लाल भोपळा, ज्याला आपण वऱ्हाडात कोहळं म्हणतो आणि ज्याचे बोंडं करतो, तो नुसता उकडून कुस्करून रोजच्या जेवणात मिसळावा. लहान कुत्र्याला एक-दोन चमचे, मोठ्याला चार-पाच. त्यात गूळ, तेल, मीठ काही घालू नये. कुत्र्यासाठी बोंडं तळायची नाहीत. इसबगोल हाही चांगला उपाय आहे. लहान कुत्र्याला अर्धा चमचा, मोठ्याला एक-दोन चमचे, पाण्यात भिजवून अन्नात मिसळावा व शेजारी भरपूर पाणी ठेवावे. ज्वारीची भाकर गव्हाच्या पोळीपेक्षा बरी. कोंबडीची शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत, त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात आणि शी खड्यासारखी होऊन कुत्रा कुंथत राहतो. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवावे. यातले काहीही महाग नाही.

म्हाताऱ्या कुत्र्याची गाठ

एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. कुत्रा सात-आठ वर्षांच्या पुढे गेला असेल, एकाच बाजूला टणक गाठ लागत असेल, ती फारशी दुखत नसेल, शी चपटी होत असेल, आणि कुत्रा नेहमीपेक्षा फार पाणी पीत व फार लघवी करत असेल, तर वाट पाहू नये. गुदग्रंथीचा कर्करोग असा येतो. काही कुत्र्यांत त्यामुळे रक्तातले कॅल्शियम वाढते, म्हणून तहान वाढते. ही गाठ बाहेरून दिसेलच असे नाही, बोटाने तपासावी लागते. म्हणून वयस्क कुत्र्याला रेबीजच्या वार्षिक लसीसाठी नेले की त्याच वेळी ही तपासणी करून द्या, असे डॉक्टरांना मालकाने आपण होऊन सांगावे. खच्ची न केलेल्या म्हाताऱ्या नरात गुदद्वाराभोवती दुसऱ्या प्रकारच्या, बहुधा साध्या गाठी येतात, आणि जर्मन शेफर्डमध्ये तिथे भगंदरासारखी भोके पडतात. त्यांचे उपचार निराळे आहेत.

वारंवार पू होणाऱ्या किंवा कर्करोग झालेल्या कुत्र्याची पिशवी शस्त्रक्रियेने काढता येते. गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूंच्या व नसांच्या अगदी लगत हे काम असते. नसेला इजा झाली तर कुत्र्याचा शीवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून ते जाणत्या हातानेच व्हावे, आणि पूमुळे आलेली सूज आधी उतरू द्यावी. आपल्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरला १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही संस्था नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या आहेत.

‘माणसांचे आधी बघा’

मला ठाऊक आहे की हे वाचताना काही वाचक म्हणत असतील, सोयाबीनला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, दवाखान्यात माणसाला डॉक्टर वेळेवर मिळत नाही, आणि हे गृहस्थ कुत्र्याच्या बुडाविषयी पानभर लिहितात! हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. त्याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे की, हा माणसांच्याही आरोग्याचा प्रश्न आहे. दुखणारा कुत्रा चावतो, आणि तो बहुधा घरातल्या लहान मुलाला चावतो, कारण मूलच त्याच्या शेपटीशी खेळते. चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. ती तिथे मोफत मिळते. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. आपला कुत्रा आहे, त्याला काही नाही, असे म्हणून थांबू नये. कुत्र्यालाही तीन महिन्यांचा झाल्यावर आणि मग दरवर्षी रेबीजची लस द्यावी. आणि कुत्रा अकारण चवताळला असेल, लाळ गळत असेल, घास-पाणी गिळता येत नसेल, आवाज बदललेला असेल, तर शेपटीखाली पाहण्याच्या भानगडीत पडू नये. त्याला दुरून बंदिस्त करून डॉक्टरांना कळवावे.

दुसरे उत्तर जबाबदारीचे आहे. वास येतो, घर घाण होते, या एका कारणासाठी पाळलेला कुत्रा पोत्यात घालून गावाबाहेर, महामार्गाच्या कडेला नेऊन सोडणारी माणसे आपल्यात आहेत. चांगल्या, शिकलेल्या घरांतली आहेत. घरात वाढलेला पॉमेरियन रस्त्यावर फार दिवस जगत नाही. जो वास दहा मिनिटांत जाण्यासारखा होता, त्यासाठी त्याला मरणाची शिक्षा होते. कुत्रा पाळलाच पाहिजे अशी कोणावर सक्ती नाही. पण पाळला असेल तर त्याच्या तोंडाएवढीच शेपटीखालची जबाबदारीही आपलीच आहे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक शब्द. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा शेतीचा आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल, म्हैस, शेळी यांना पहिला मान असणार आणि असावाही. परंतु कुत्र्यासाठी फार यंत्रसामग्री मागितली जात नाही. हातमोजे, वंगण, एक मुसके आणि दहा मिनिटे, एवढ्यात निम्मे निदान होते. ‘जंताची गोळी लिहून द्या’ असे मालक म्हणाला तरी, ‘आधी कुत्रा आणा’ असे सांगण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. एकाने नकार दिला तर मालक दुसरीकडे जाईल. सगळ्यांनीच सांगितले तर तो कुत्रा घेऊन येईल.

वाचकांना एवढीच विनंती की, तुमच्या घरी कुत्रा असेल तर आज संध्याकाळी त्याला फिरवून आणल्यावर उजेडात उभे करा, प्रेमाने पाठीवर हात फिरवा आणि शेपटी वर करून एकदा पाहा. निरोगी असताना ती जागा कशी दिसते हे डोळ्यांना माहीत असेल, तर बिघडलेली लगेच ओळखू येईल. दर आठवड्याला आंघोळ घालता तेव्हा हे पाहत जा. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.